एकतीस नंबरची हाक

कावळ्यांच्या बोलण्यात निरूला नाव होतं आणि हर्षदाला शिवी होती. पेटी येईपर्यंत हे घरात कोणाला माहीत नव्हतं. निरूला बहुधा माहीत असावं. पण निरूला जे कळायचं ते त्याला नीट सांगता यायचं नाही, आणि तो जे सांगायचा ते ऐकायला लोकांना सवड नसायची.

निरू म्हणजे निरंजन देशिंगकर, हर्षदाचा धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस. मिशीत पांढरे केस आले होते, पण शर्टाची बटणं अजून ताईच लावायची. बुद्धीनं तो सहा-सात वर्षांचाच राहिला होता. मिरजेत, कृष्णाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं तीन खोल्यांचं घर. पुढे बदामाचं झाड, झाडाजवळून गेलेल्या विजेच्या तारा आणि तारांवर कावळे. रोज सकाळी सातला निरू कालची पोळी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहायचा. कावळे ओरडले की म्हणायचा, "आलो, आलो." कोणी हाक मारली तर ओ द्यावी, एवढं आईनं त्याला लहानपणी शिकवलं होतं आणि ते त्यानं कायमचं धरून ठेवलं होतं. हाक मारणारा कोण आहे हे आधी बघायचं असतं, हे काही आईनं शिकवलं नव्हतं.

पेटी जेवणाच्या डब्याएवढी होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसवलेली होती. तिच्यामागची कल्पना साधी होती, ती प्रत्यक्षात यायला मात्र वीस वर्षं लागली. आपल्याला सगळी काव-काव एकसारखी वाटते, कारण आपला कान फक्त वरवरचा आवाज पकडतो. खरं तर एका कावमध्ये आठ-दहा सूर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांतला एखादा किंचित वरखाली झाला तरी अर्थ बदलतो. पुण्याच्या एका संस्थेनं लाखो तासांचं ध्वनिमुद्रण संगणकाला ऐकवलं. आवाज आला त्या क्षणी काय घडत होतं, मांजर आलं होतं की ससाणा, तार तुटली होती की कुत्रं मेलं होतं, तेही प्रत्येक आवाजाबरोबर पुरवलं. हळूहळू संगणकाला हाका वेगवेगळ्या काढता यायला लागल्या. मिरजेच्या कावळ्यांच्या बावन्न हाका निघाल्या. त्यांत वाक्यं नव्हती, व्याकरण नव्हतं. होत्या त्या फक्त बातम्या. साप निघाला, गटारात जनावर पडलं, कुठे धूर दिसला, की माणसांच्या आधी कावळ्यांना कळतं. म्हणून महापालिकांनी पेट्या घेतल्या आणि वॉर्डावॉर्डात बसवल्या.

हाक वेगळी काढणं यंत्राचं काम, पण तिचा अर्थ माणसानंच लावायचा. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात एक ऐकणारी नेमली होती. निरूला सोडून बाहेर नोकरी करणं हर्षदाला कधी जमलं नव्हतं. ती घरीच शिकवण्या घ्यायची. खिडकीत बसून कावळे ऐकायचे आणि नोंदी करायच्या, हे काम तिच्यासाठीच काढल्यासारखं होतं.

या सगळ्याची प्रमुख डॉ. समीना शिकलगार, मिरजेचीच मुलगी. तिचे आजोबा सतारी करायचे. भोपळ्यावर नुसती टिचकी मारून तो सतारीला लागेल की नाही हे सांगायचे. नातीनं तो कान घेतला आणि कावळ्यांना लावला, असं गल्लीत थट्टेनं म्हणायचे. पहिल्या भेटीत ती खिडकीशी बसली आणि पडद्यावरच्या रेघांकडे बघत म्हणाली, "ताई, ही एकतीस नंबरची हाक एरवी गावात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फक्त तुमच्या खिडकीत. सकाळी सात ते सव्वासात."

"निरूची वेळ ती."

"वेळेवर नाही ओरडत ते. काल तुम्ही दोघं गावात गेला होता ना? तेव्हा स्टँडजवळच्या पेटीनंही पकडली. हे त्यांना ओळखतात. ही हाक म्हणजे तुमचे भाऊ." तिचे डोळे चमकत होते. "माणसाला स्वतंत्र हाक! हे आम्ही नुसतं वाचलं होतं."

निरूला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मग ते मला निरू का म्हणत नाहीत?"

"त्यांना तेवढं येत नाही रे," हर्षदा म्हणाली. "काय लिहायचं, समीना? तू सांग."

निरूनंच सांगितलं. पोळीवाला. तसं लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून तारेवरून हाक आली की पेटीतला बाईचा आवाज म्हणायचा, "पोळीवाला," आणि निरू इतका हसायचा की पोळी हातातून पडायची.

नऊ नंबरच्या हाकेबद्दल समीना दोन दिवस काही बोलली नाही. शेवटी हर्षदानंच विचारलं, कारण आपण खिडकीत आलो की पेटी "धोका, माणूस" म्हणते, हे तिच्या कानातून कसं सुटेल?

"तीही एका माणसाचीच आहे," समीना चाचरत म्हणाली. "तुमच्याबद्दल ते... ताई, कधी काही झालं होतं का? खूप वर्षांपूर्वीचंही असेल. कावळे चेहरा विसरत नाहीत. आणि विसरले तरी उपयोग नसतो, कारण तोवर त्यांनी तो पिल्लांना दाखवून ठेवलेला असतो. भीती ते शिकवतात. पिल्लू घरट्याबाहेर आलं की पहिला धडा तोच."

"आणि पोळीवाला?"

"ते नाही शिकवत. पोळी ज्याची त्याला दिसतेच की."

हर्षदानं पदरानं कट्टा पुसला. कट्टा स्वच्छच होता. मग तिनं अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली, जी तिनं आजवर कोणाला सांगितली नव्हती.

बाबा तेव्हा शेवटच्या आजारात होते. पलंग या खिडकीशी. बदामावर कावळ्यांचं घरटं होतं आणि दिवसभर कलकलाट चालायचा. बाबा शुद्धीत आले की विचारायचे, "कावळा कशाला ओरडतोय गं? मला न्यायला आलाय का?" अणुविद्युत केंद्रात तीस वर्षं काढलेला माणूस, पण दुखण्यानं पार लहान मूल झाला होता. एका दुपारी तिला ते ऐकवेना. आंबे काढायची आकडी घेऊन ती गच्चीवर गेली आणि घरटं खाली ओढलं. घरट्यात दोन पिल्लं होती, हे तिला गच्चीवरून दिसलं नव्हतं. एक जागीच मेलं. दुसरं निरूनं उचललं, खोक्यात ठेवलं, दोन दिवस दूधभात भरवला. तेही गेलं. त्या दिवसापासून निरू कावळ्यांना पोळी घालायला लागला होता. बाबा त्यानंतर आठवड्यानं गेले.

"लिही," ती समीनाला म्हणाली. "अर्थ खरा लिहायचा असतो ना? घरटं मोडणारी, असं लिही."

तसंही लिहिलं गेलं.

पुढे कामाला जुनी ध्वनिमुद्रणं हवी होती. वीस वर्षांपूर्वी कावळे काय बोलत होते हे कळलं तर हाका कशा बदलतात ते कळणार होतं. पण कावळ्याचा आवाज मुद्दाम मुद्रित करून ठेवतो कोण? त्यावर समीनाच्या डोक्यात जी युक्ती आली ती मराठी मुलुखातल्या माणसालाच सुचावी. दहाव्याच्या चित्रफिती! अमेरिकेतल्या काकांसाठी, दुबईतल्या मुलासाठी लोकांनी घाटावर मोबाइल धरून तासन्‌तास चित्रण केलं होतं. पिंड मांडलाय, माणसं मागे उभी आहेत आणि सगळं गाव कावळ्याची वाट बघतंय. कावळ्यांचा याहून मोठा साठा जगात कोणाकडे नव्हता. संस्थेनं आवाहन केलं आणि महिन्याभरात चार हजार फिती आल्या.

आजोबा काय म्हणत होते ते कळेल, या आशेनं लोकांनी त्या दिल्या होत्या. उत्तरं आली ती अशी: भात. दही. दुसरा कावळा. कुत्रं. भात. एका घरानं संस्थेवर नोटीस धाडली. घाटावरचे वाटवे गुरुजी समीनाला हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र खरं असेल. पण माणसाला दहाव्या दिवशी कुठंतरी रडायला जागा लागते. ती तेवढी ठेवा."

हर्षदानंही बाबांच्या दहाव्याची फीत दिली.

तो दिवस तिला पाठ होता. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. सुहास रेवणकर, नाशिकचा, चांगला माणूस. त्याचं म्हणणं एवढंच, की निरूला चांगल्या संस्थेत ठेवू, महिन्यातून दोनदा भेटू. यात वाईट काही नव्हतं आणि हर्षदाही अर्धीअधिक तयार झाली होती. दहाव्याला तिनं निरूचा हात धरून पिंड ठेवला आणि दोघं मागे झाली. कावळे झाडावर भरपूर होते, पण खाली एक येईना. तास झाला. दीड तास झाला. गुरुजी म्हणाले, मनात काहीतरी राहिलंय, पुढे होऊन बोला. ती पुढे झाली, नमस्कार केला, घराचं बोलली, आईच्या दागिन्यांचं बोलली. कावळे नुसते ओरडत राहिले. दोन तास झाले तेव्हा सुमनआत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगं, निरूचं बोल की! त्याचा जीव दुसरा कशात अडकणार?"

मग ती पिंडाजवळ गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बाबा, निरूला मी कुठंही ठेवणार नाही. मी लग्न करणार नाही. जन्मभर सांभाळीन." तिथून तिला रडू आवरेना, म्हणून ती धावत पायऱ्या उतरून नदीशी गेली. मागून गलका ऐकू आला. शिवला! शिवला! आत्यानं येऊन तिला कुशीत घेतलं. "बघ," ती म्हणाली, "ऐकलं त्यांनी."

या एका वाक्यावर हर्षदानं अठरा वर्षं काढली. निरूला ताप आला, निरू हरवला, निरूनं भर लग्नात पंगतीत चड्डी ओली केली, सुहासच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका आली, प्रत्येक वेळी तिनं मनाशी म्हटलं, बाबांनी ऐकलं होतं.

"ताई, हे नका बघू," समीना म्हणाली. कागद तिच्या हातात उलटा धरलेला होता.

"अर्थ लावायचं काम माझं आहे. दे इकडे."

कागदावर वेळ आणि हाक असे दोनच रकाने होते. पहिल्या मिनिटापासून नऊ. नऊ, नऊ, नऊ. ती पुढे झाली की वीस-पंचवीस नऊ एकदम. ती मागे सरली की थोडे कमी. दोन तास अकराव्या मिनिटाला, ती गुडघ्यांवर बसून वचन देत होती तेव्हा, सबंध झाड नऊ नंबरची हाक देत होतं. तेराव्या मिनिटाला ती पायऱ्या उतरली. तिथे यंत्रानं लिहिलं होतं: धोका गेला. मग एक हाक, तिच्यापुढे कंसात "एकतीस, जुनं रूप". पिंडाजवळ निरू एकटाच उभा राहिला होता. मग: भात.

हर्षदानं कागद दोनदा वाचला. नंतर नीट घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला.

"मी जवळ होते म्हणून येत नव्हते," ती म्हणाली. "मी कावळ्यांना सांगत होते, की बाबा, मी निरूला सांभाळीन. आणि ते एकमेकांना सांगत होते, की ती बाई आली."

"ताई, पण तुम्ही सांभाळलंत ते काही खोटं नाही."

"ते खरं असू दे गं. पण कोणी मागितलंच नव्हतं."

त्या दिवसापासून घरात वरवर काही बदललं नाही. हर्षदा बटणं लावायची, पोळ्या करायची. पण निरू एकच प्रश्न चौथ्यांदा विचारायला लागला की पूर्वी तिच्या मनात बाबा उभे राहायचे. आता कोणी उभं राहत नसे. रिकाम्या जागी राग येऊन बसायचा. एकदा तिनं त्याच्या हातातली पोळी हिसकावून कचऱ्यात टाकली. निरू रडला नाही. खिडकीत जाऊन कावळ्यांना म्हणाला, "आज नाही. ताई दमलीय."

मार्चमध्ये संस्थेनं तिला पुण्याला बोलावलं. इतर गावांच्या ऐकणाऱ्यांना तीन महिने शिकवायचं होतं. समीनानं हे विचारलं तेव्हाच तिला नकाराची खात्री होती. हर्षदा म्हणाली, "येते."

"आणि निरूदादा?"

"तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. पलूसच्या पुढे एक निवासी संस्था आहे, मी बघून आले. माणसं चांगली आहेत. सबंध इमारत गार असते."

इमारत गार होती हे खरं. उन्हाळा आता सत्तेचाळीस अंशांवर जायचा, त्यामुळे खिडक्या पक्क्या बंद असायच्या. त्या माळावर झाडं नव्हती आणि कावळेही नव्हते. कावळे आता नदीकाठच्या सावलीतच टिकून होते. हे हर्षदाला माहीत होतं, तिच्याच नोंदींत होतं. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा तिनं ते लक्षात येऊ दिलं नाही. त्याला तिथं सोडून निघताना निरूनं विचारलं, "इथं कावळे कुठं बसतात?" ती म्हणाली, "येतील की. तू हाक मार." पन्नाशीला आलेल्या बाईनं एवढं खोटं इतक्या सहज बोलावं!

पुण्यात ती पहिल्यांदाच एकटी राहिली. सकाळी उठून फक्त स्वतःपुरता चहा करताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं आणि बरंही वाटायचं. तिला शिकवणं जमत होतं. माणसं तिला मॅडम म्हणायची. रविवारी निरूशी फोनवर बोलणं व्हायचं. तो दर वेळी सांगायचा, "ताई, अजून आले नाहीत."

एक्केचाळिसाव्या दिवशी संस्थेतून फोन आला. निरू रोज जेवणातली अर्धी पोळी खिशात ठेवायचा, हे तिथल्या बाईंना माहीत होतं. त्यात काय, म्हणून त्यांनी ती ठेवू दिली होती. त्या दुपारी पाण्याच्या टाकीच्या कामासाठी गच्चीचं दार उघडं राहिलं. निरू वर गेला. कामगार जेवायला गेले होते. तो कठड्याशी दोन तास उभा होता. सापडला तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि मुठीत पोळी होती. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

हर्षदा पुण्याहून येईपर्यंत त्याची मूठ सोडवून पोळी काढलेली होती. ती तिला कोणीतरी कागदात गुंडाळून दिली. काय करावं ते न सुचून तिनं ती पिशवीत ठेवली.

दहाव्याला घाटावर तीनच माणसं होती: हर्षदा, समीना आणि वाटवे गुरुजी. आत्या केव्हाच गेली होती. दुसरं जवळचं कोणी नव्हतं. गुरुजींनी पिंड मांडला आणि तोंडावर आलेला प्रश्न गिळला. तो हर्षदानंच उचलला.

"गुरुजी, मी इथं असले तर शिवायचा नाही. मी लांब जाऊन थांबते."

"मग पुढे कोण थांबणार?"

"मी थांबू का?" समीना म्हणाली. "चालेल का, गुरुजी?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. "कावळ्याला काय त्याचं," ते म्हणाले. "थांब पोरी."

हर्षदा वळणापलीकडे, घाट दिसणार नाही अशा जागी जाऊन बसली. घाटावरच्या पेटीचा आवाज ऐकवणारी तार कानात होती. ती काढून ठेवावी असं तिला वाटत होतं आणि हात उचलत नव्हता. तिला काय हवं होतं, हे तिला त्या घडीला अगदी स्पष्ट कळलं. कावळा शिवायला नको होता. निरूनं रागवायला हवं होतं, अडून बसायला हवं होतं. म्हणजे तिला पुढे होऊन काहीतरी बोलता आलं असतं. माझं चुकलं म्हणता आलं असतं. उरलेला जन्म पुन्हा कुठेतरी बांधून टाकता आला असता.

दीड मिनिटात कानात आवाज आला. "धोका नाही." मग, "भात."

गुरुजी लांबून हात हलवत आले. "सुटला हो! मिनिटात शिवला. काही म्हणजे काही मनात ठेवलं नव्हतं पोरानं."

"हो," हर्षदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ती सोडून बाकी दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तारेवरून हाक आली आणि पेटी म्हणाली, "पोळीवाला." पुन्हा म्हणाली. सव्वासातपर्यंत म्हणत राहिली. हर्षदानं ताजी पोळी करून कट्ट्यावर ठेवली. "घरटं मोडणारी," पेटी म्हणाली, आणि तार रिकामी झाली. संध्याकाळपर्यंत पोळी वाळून कडक झाली. ती काठी लावून लांबून पोळी सरकवायला लागली. ओढणीनं तोंड झाकून बघितलं. कावळे चालही ओळखत होते.

एका सकाळी तिनं निरूचा निळा चौकड्यांचा शर्ट घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, टोपी घातली आणि त्याच्यासारखी खांदे पाडून खिडकीत उभी राहिली. तारेवर एकदम शांतता झाली. एक कावळा दोन पावलं पुढे सरकला. "पोळीवाला," पेटी हलकेच म्हणाली. हर्षदानं त्याच्यासारखंच "आलो" म्हणायला तोंड उघडलं, आणि तो आवाज तिचा होता. मग जो कल्लोळ उठला तो शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला. पेटीला एवढ्या हाका एकदम सांगता येईनात. ती "घरटं, घरटं, घरटं" करत राहिली. हर्षदानं शर्ट काढून, घडी घालून कपाटात ठेवला.

हाका कमी होत गेल्या. जूनमध्ये रोज दहा-बारा, पुढे आठवड्यातून एखादी. जुलैत एकही नाही. श्रावण लागला त्या आठवड्यात पेटीच्या पडद्यावर नेहमीच्या पद्धतीची सूचना आली: हाक क्रमांक एकतीस वीस दिवसांत ऐकू आलेली नाही. चालू यादीतून काढायची का? वॉर्डातल्या ऐकणारीनं उत्तर द्यावं.

समीना तिथेच बसली होती. "ताई, राहू द्या. 'नाही' दाबा. एका हाकेनं माझं काय अडतंय?"

"मग दर वीस दिवसांनी विचारील."

"दर वीस दिवसांनी 'नाही' म्हणायचं."

"एक खोटी नोंद धरून मी अठरा वर्षं बसले," हर्षदा म्हणाली. "तेव्हा निदान कोणीतरी त्याला जेवायला घालत होतं. ती खरी करून घेतली आणि बघ काय झालं." तिनं चष्मा पुसला. "पण आता परत खोटं धरायचं तर ते कोणासाठी?"

तिनं 'हो' दाबलं. यादीत तिसानंतर बत्तीस आलं. समीना थोड्या वेळानं उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता हर्षदा पोळी घेऊन खिडकीत आली. बदामावर यंदाचं घरटं रिकामं झालं होतं. तारेवर आईला चिकटून एक पिल्लू बसलं होतं, चोचीचे कोपरे अजून लालसर. निरू गेला तेव्हा ते अंड्यातूनही बाहेर आलं नव्हतं. मोडलेलं घरटं तर त्याच्या कितव्या पूर्वजाचं होतं कोण जाणे. आईनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि एकदाच ओरडली. पिल्लानंही पाहिलं. त्याला नीट जमलं नाही. पेटी गप्प राहिली. आईनं पुन्हा करून दाखवलं. पिल्लानं मान ताणली, सगळा जीव गोळा केला आणि ओरडलं.

"घरटं मोडणारी," पेटी म्हणाली.

घरात ओ द्यायला दुसरं कोणी नव्हतं. हर्षदानं पोळी कट्ट्यावर ठेवली.

"आले, आले," ती म्हणाली, आणि त्यांना खाता यावं म्हणून खिडकी लावून घेतली.